नागपुरात दगडी प्रवाळ : आधी टाकीला एक उन्हाळा काढू द्या

नागपुरात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडी प्रवाळ ठेवायचे असतील, तर पहिले वर्ष त्यांच्याविना काढायची तयारी हवी. टाकी भरल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिला प्रवाळ सोडण्याचे जे वेळापत्रक सर्वत्र सांगितले जाते, ते मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या आणि डिसेंबरच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरणाऱ्या गावाला लागू पडत नाही. माझा आग्रह असा आहे की टाकी दिवाळीनंतर उभी करावी, तिला नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा पूर्ण पाहू द्यावा, आणि पाण्याचे तापमान खरोखर आपल्या हातात आहे याची वर्षभराच्या नोंदींनी खात्री पटल्यावरच, पुढच्या थंडीत, दगडी प्रवाळाकडे वळावे.

यामागचे कारण प्रवाळाच्या शरीररचनेत आहे. दगडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. त्याचे असंख्य लहान पॉलिप, म्हणजे तोंड आणि भोवती सोंडा असलेले जीव, एकमेकांना जोडून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपल्याखाली ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका स्फटिकरूपाचा, सांगाडा रचत जातात. त्यांच्या पेशींत झूझॅन्थेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागीदारी तुटते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि पारदर्शक झालेल्या मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी एवढे पुरते. १९९८ आणि २०१६ साली जगभरातल्या प्रवाळभित्ती अशाच पांढऱ्या पडल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. समुद्रासारख्या अथांग पाण्यात ही स्थिती असेल, तर वरच्या मजल्यावरच्या खोलीतल्या २०० लिटर पाण्याला मे महिन्याच्या एका दुपारी काय होईल, याचा विचार टाकी विकत घेण्याआधी व्हायला हवा.

पहिली पायरी : कायदा आणि कागदपत्रे

भारतात सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही अनुसूची. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान किंवा आपल्या मालवणचा किनारा, यांपैकी कुठूनही काढलेला प्रवाळाचा तुकडा बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, आणि तो तुकडा मेलेला असला तरीही आहे. शोभेसाठी विकले जाणारे पांढरे सांगाडे आणि किनाऱ्यावरून उचललेला ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे सूक्ष्म जीव वसलेला प्रवाळाचा दगड, हेही त्यात आले. प्रवाळ परदेशातून आलेला असेल, तर दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या, म्हणजे संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे निर्यात-आयातीची कागदपत्रे लागतात. शिवाय वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर साइट्सच्या यादीतील प्रजातींसाठी या कायद्यात स्वतंत्र तरतुदी आल्या आहेत.

दुकानदाराच्या तोंडी हमीला इथे काहीही किंमत नाही. नागपूरकरांची सोय अशी की महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे. प्रजातीचे शास्त्रीय नाव, ती कुठून येणार आणि सोबत कोणती कागदपत्रे मिळणार, हे लिहून तिथे अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि लेखी होकार हाती येईपर्यंत दगडी प्रवाळ घरात आणू नये. पहिले वर्ष रिकामे काढायचेच असल्याने या पत्रव्यवहाराला वेळही पुरेसा मिळतो. तोवर, किंवा उत्तर नकारार्थी आले तर कायमसाठी, रीतसर बिलासह मिळणारे मऊ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, प्रवाळ ठेवता येतात. मात्र समुद्रपंखा, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि काळे प्रवाळ हेही पहिल्या अनुसूचीत आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरी पायरी : जागा आणि टाकी

टाकी कमीत कमी २०० लिटरची असावी. लहान टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात तापमान आणि क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) दोन्ही झपाट्याने बदलतात आणि नवख्याला सावरायला अवधी मिळत नाही. घरातली जागा निवडताना शोभेपेक्षा उन्हाचा विचार आधी करावा. गच्चीखालच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळी हाताला चटका देते. या दोन्ही जागा टाळाव्यात. तळमजल्यावरची, पूर्वेकडची किंवा घराच्या मधली खोली सर्वांत चांगली. पाणी, दगड आणि स्टँड धरून वजन ३०० किलोच्या आसपास जाते, त्यामुळे टाकी भिंतीलगत, बीमच्या आधारावर येईल अशी ठेवावी.

सोबत खालच्या कपाटात सम्प (उपकरणांची दुसरी टाकी), त्यात प्रोटीन स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी घाण फेसावाटे काढणारे यंत्र), पाणी वर परत नेणारा रिटर्न पंप, मुख्य टाकीत प्रवाह निर्माण करणारे दोन वेव्हमेकर, उडालेल्या पाण्याइतके गोडे पाणी आपोआप भरणारी यंत्रणा, कंट्रोलरला जोडलेले दोन हीटर आणि एक चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, लागतो. हीटर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्यावेत, म्हणजे एक चालू स्थितीत अडकला तरी तो एकटा पूर्ण टाकी उकळवू शकत नाही. चिलरची कंपनीने दिलेली क्षमता मध्यम तापमानाच्या खोलीसाठी मोजलेली असते. आपल्याकडे त्याच्याहून एक माप मोठा घ्यावा आणि तो बंद कपाटात न कोंबता त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी सोय करावी. पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत फिरत राहिली, तर चिलर स्वतःशीच झगडत बसतो.

तिसरी पायरी : पाणी

नळाला येणारे कन्हान किंवा पेंचचे पाणी पिण्यास योग्य असले, तरी त्यातले क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि पाइपमधून येणारे धातू प्रवाळाला चालत नाहीत. बोअरचे पाणी तर जड असते. स्वयंपाकघरातला आरओही पुरत नाही, कारण चवीसाठी त्यात काही कच्चे पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळलेली असतात. त्यासाठी आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे कार्ट्रिज बसवावे आणि टीडीएस मीटरवर शून्य येईल तेच पाणी वापरावे. आकडा १ किंवा २ दिसू लागला की रेझिन बदलावे. वाया जाणारे पाणी फरशी पुसायला ठेवता येते.

मीठ प्रवाळ-टाकीसाठी बनवलेलेच घ्यावे. स्वयंपाकाचे मीठ, सैंधव किंवा मिठागराचे खडे मीठ यांत समुद्राच्या पाण्यातले घटक योग्य प्रमाणात नसतात. दर हजारी ३५ क्षारतेसाठी २० लिटर पाण्यात साधारण ७०० ते ७६० ग्रॅम मीठ लागते, ते पंप लावून ढवळावे आणि दुसऱ्या दिवशी मोजून वापरावे. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. तो ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा लागतो. मोजमापाचे साधनच चुकीचे असेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

चौथी पायरी : टाकी पिकणे, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वसणे

कोरडा दगड किंवा सिरॅमिक दगड रचून, बिलासह घेतलेली ॲरागोनाइट वाळू टाकून आणि पाणी भरून सर्व पंप सुरू करावेत. प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड, बाजारातला नवसागर नव्हे, घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) न्यावा आणि बाटलीतले जिवाणू सोडावेत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला, की काही गोगलगायी आणि एखाद-दोन क्लाउनफिश सोडण्यास हरकत नाही. यानंतर तपकिरी, मग हिरवे शैवाल येते. ते येणारच, त्यासाठी औषधे टाकू नयेत.

पाचवी पायरी : उन्हाळा

पाण्याचे तापमान २५ ते २६ अंश ठेवावे, दिवस-रात्रीचा फरक १ अंशापेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि २८ अंश ही धोक्याची रेषा मानावी. मार्चपासून दररोज सकाळी सहा आणि दुपारी चार वाजताचे पाण्याचे व खोलीचे तापमान वहीत लिहून ठेवावे. ही वहीच पुढे टाकी प्रवाळाला योग्य आहे की नाही हे ठरवते.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एक अनुकूल गोष्टही आहे, आणि प्रत्येक घरातला कूलर तिच्यावरच चालतो. हवा कोरडी असताना पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. ही सगळी उष्णता २०० लिटरच्या टाकीतून गेली, तर तिचे तापमान जवळजवळ ३ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेतून पुन्हा आत येते, तरीही एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा देणारे दोन छोटे पंखे चिलरचे बरेच काम वाचवतात. पंख्यांसाठी टाकीवरची काच काढून बारीक जाळी बसवावी. जाळीमुळे मासेही उडी मारून बाहेर पडत नाहीत.

याची दुसरी बाजूही पाहावी लागते. पाणी उडते, मीठ उडत नाही. पंखे चालू असताना अशा टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज जाते. २०० लिटरमधून ६ लिटर उडाले आणि भरले गेले नाही, तर क्षारता ३५ वरून ३६ च्या पुढे जाते, आणि दोन दिवस गावाला गेलेल्या घरात ती ३७ वर पोचते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे आरओ-डीआय पाणीच भरावे, खारे कधीही नाही, आणि भरणीची टाकी उन्हाळ्यात निदान पाच-सहा दिवस पुरेल एवढी मोठी असावी.

वादळाने वीज जाते ती नेमकी याच काळात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे वीज गेल्यावर जीव आधी गुदमरतात, उष्णतेचा क्रमांक त्यानंतरचा. घरातल्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एक हवेचा पंप कायम जोडलेले असावेत. इन्व्हर्टर साइन-वेव्ह प्रकारचाच असावा, कारण दुसऱ्या प्रकारावर पंपांच्या मोटारी गरम होऊन आवाज करतात. साधा घरगुती इन्व्हर्टर चिलरचा सुरुवातीचा झटका पेलत नाही. त्या वेळेसाठी बूच घट्ट लावलेल्या, बर्फ झालेल्या आरओ पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये तयार ठेवाव्यात. एक लिटर बर्फ पूर्ण वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत २०० लिटर पाणी सुमारे अर्ध्या अंशाने उतरवतो. यावरून किती बाटल्या लागतील याचा हिशेब आधीच करता येतो, आणि एकदम चार बाटल्या टाकून जिवांना थंडीचा धक्का देणेही टळते.

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे ते नऊ दिवस, हीच टाकीची खरी परीक्षा. त्या काळात वहीतला दुपारी चारचा आकडा २७ च्या आत राहिला, तर रचना योग्य आहे. तो २८ पार करत असेल, तर चिलर, जागा किंवा हवा खेळण्याची सोय यांपैकी काहीतरी बदलावे लागेल, आणि हे कळले तेव्हा टाकीत एकही दगडी प्रवाळ नव्हता यातच सगळे आले.

सहावी पायरी : पावसाळा आणि पहिले मऊ प्रवाळ

मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलरसमोर बसूनही अंग चिकचिकते, आणि टाकीवरचे पंखेही तसेच निरुपयोगी होतात, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. नवख्यांना वाटते की उन्हाळा संपला, आता चिलर बंद करावा. प्रत्यक्षात जुलै ते ऑक्टोबर या काळात सगळा भार एकट्या चिलरवर असतो. जूनमध्ये त्याची जाळी ब्रशने साफ करून घ्यावी.

डासांच्या दिवसांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. डासांच्या औषधांतील पायरेथ्रॉइड रसायने मासे आणि कोळंबीवर्गीय जिवांना घातक असतात, आणि स्किमर खोलीतलीच हवा पाण्यात घुसळतो. टाकीच्या खोलीत कॉइल, लिक्विड मशीन किंवा स्प्रे वापरू नये. वस्तीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावून स्किमर तासभर बंद ठेवावा.

ऑगस्टच्या सुमारास मशरूम, लेदर किंवा झोअँथस यांसारखे मऊ प्रवाळ सोडता येतात. ते पाण्यातले बारीकसारीक दोष सहन करतात आणि नजर तयार करतात. झोअँथस हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा अनिवार्य समजावा. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असे प्रवाळ असलेला दगड कधीही उकळू नये, गरम पाण्याने धुऊ नये किंवा कोरडा घासू नये. वाफेतून आणि तुषारांतून हे विष श्वासात जाते आणि घरातली माणसे रुग्णालयात पोचू शकतात.

सातवी पायरी : अल्कलिनिटी

लेखी परवानगी हाती आहे, वही समाधानकारक आहे आणि थंडी पडू लागली आहे, असे धरून पुढे जाऊ. दगडी प्रवाळ आणण्याआधी तीन मोजमापे हातात बसली पाहिजेत: अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातले बायकार्बोनेट व कार्बोनेट, जे सांगाड्यासाठी लागते; डीकेएच हे तिचे एकक) ७ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १४०० पीपीएम. यांपैकी अल्कलिनिटीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण ती सर्वांत आधी घसरते आणि तिच्यातले चढ-उतार प्रवाळाला सर्वांत आधी जाणवतात. ७.५ आणि ८.५ यांत श्रेष्ठ कोणते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जो आकडा धरला, तो महिनोन्‌महिने तिथेच राहिला पाहिजे.

चाचणी करताना दिवसाची वेळ एकच ठेवावी, आणि हात सावकाश चालवावा. थेंबांच्या किटमध्ये पाण्याला फिका निळा रंग येतो. एकेक थेंब टाकून बाटली हलवत गेले की आधी थेंबापुरती पिवळी रेघ उमटून विरते, मग संपूर्ण पाणी क्षणभर हिरवट होते, आणि पुढच्या थेंबाला ते स्वच्छ पिवळे होऊन तसेच राहते. तो शेवटचा थेंब मोजायचा. हे पांढऱ्या कागदावर बाटली धरून, दिवसाच्या उजेडात पाहावे. टाकीच्या निळ्या दिव्याखाली रंग हमखास चुकतो.

आता खप कसा काढायचा ते पाहू. सोमवारी सकाळी ८.२ आणि बुधवारी त्याच वेळी ७.६ आले, तर टाकी दिवसाला ०.३ डीकेएच वापरते आहे. २०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवण्यास सुमारे ६ ग्रॅम शुद्ध खाण्याचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे), म्हणजे ही रोजची तूट १.८ ग्रॅमने भरून निघते. सांगाडा बनताना २.८ डीकेएचमागे सुमारे २० पीपीएम कॅल्शियम खर्च होते. त्या हिशेबाने याच टाकीला रोज साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागेल. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत विरघळवून, वेगवेगळ्या वेळी, प्रवाह जोरात असेल तिथे सावकाश सोडावेत. एकत्र आले तर टाकीतच कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. काही दिवसांनी डोसिंग पंप लावून हेच काम दिवसभरात विभागून घ्यावे.

चुन्याच्या निवळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. भरणीच्या पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही पुरवण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण तिच्यात मात्रा ठरते ती उडणाऱ्या पाण्यावरून. आपल्याकडे मे महिन्यात ऑगस्टपेक्षा कितीतरी पट पाणी उडते. ऑगस्टमध्ये बरोबर बसवलेली निवळी मेमध्ये अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही भडकवते, आणि मेमध्ये बसवलेली ऑगस्टमध्ये अपुरी पडते. म्हणून नागपुरात नवख्याने निवळी भरणीला न जोडता सोडा आणि कॅल्शियम वेगवेगळेच द्यावेत. पानाचा चुना तर कोणत्याही ऋतूत वापरू नये, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावे. दोन्ही शून्यावर आणण्याच्या नादात प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर येतो.

आठवी पायरी : प्रवाळ आणणे आणि बसवणे

प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच घडवावा. मुंबईहून रात्रभराच्या गाडीने आणताना पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, अंधारात ठेवाव्यात. घरी आल्यावर बंद पिशवी २०-३० मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग अर्ध्या तासात थोडे-थोडे टाकीचे पाणी मिसळावे, आणि पिशवीतले पाणी टाकीत न ओतता फेकून द्यावे. ही क्रिया तासन्‌तास लांबवू नये. पिशवी उघडल्यावर पीएच वाढतो आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो.

त्यानंतर प्रवाळासाठीच्या औषधी द्रावणात बुडवून काढणे आणि चार ते सहा आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणे, या दोन्ही गोष्टी कराव्यात. द्रावणाने चपटकृमी आणि न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) गळून पडतात, त्यांची अंडी मात्र वाचतात. म्हणून फ्रॅगचा, म्हणजे विकत आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याचा, जुना बुंधा (खालची बैठक) काढून टाकून तुकडा नव्या बुंध्यावर चिकटवावा आणि अंड्यांचे पिवळसर पुंजके भिंगाने शोधावेत.

सुरुवात मोठ्या पॉलिपच्या जातींपासून करावी. कॉलस्ट्रिया, डंकन, फेव्हिया आणि त्यानंतर युफिलिया वर्गातले हॅमर व टॉर्च नवख्याच्या हातात टिकतात. त्यांना ८० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचे माप) उजेड आणि मध्यम प्रवाह पुरतो. सोंडा एका बाजूला दबून न राहता इकडून तिकडे डुलत असतील, तर प्रवाह योग्य आहे. लहान पॉलिपच्या जातींपैकी मोंटिपोरा आधी घ्यावा, त्याला २०० पारच्या आसपास उजेड लागतो. ॲक्रोपोराला २५० ते ३५० पार आणि जोरदार, दिशा बदलता प्रवाह लागतो. अल्कलिनिटी सहा महिने एका रेषेत ठेवता आल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. नवीन प्रवाळ तळाशी ठेवून आठवड्या-आठवड्याने वर सरकवावा, किंवा दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणून दर आठवड्याला थोडी वाढवावी. दिवा आठ ते दहा तासांपेक्षा जास्त लावू नये. दोन वसाहतींत किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, कारण युफिलिया आणि गॅलॅक्सिया रात्री लांब डंखी सोंडा सोडून शेजाऱ्याला जाळतात. मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना आठवड्यातून दोनदा, दिवा मालवल्यावर, मायसिसचे (कोळंबीसारख्या लहान जिवाचे) दाणे पिपेटने हलकेच द्यावेत.

रोज काय पाहावे

दिवा लागल्यानंतर तासाभराने हॅमरच्या फांदीकडे बाजूने पाहावे. निरोगी फांदीत मांस सांगाड्याच्या कडेवरून खाली थोडे उतरलेले असते आणि त्याची किनार अखंड, ओलसर दिसते. ही किनार वर सरकू लागली, तिच्याखाली सांगाड्याच्या धारदार पांढऱ्या पट्ट्या उघड्या पडल्या, तर सोंडा कितीही फुललेल्या असल्या तरी काहीतरी बिघडले आहे, आणि त्याच दिवशी अल्कलिनिटी, क्षारता व तापमान मोजावे. फांदीवर तपकिरी, चिकट, दुर्गंधी येणारा जेलीसारखा थर दिसला, तर पंप बंद करून तो नळीने ओढून काढावा आणि ती फांदी लगेच बाहेर घ्यावी. हा थर शेजारच्या फांद्यांवर पसरतो. लहान पॉलिपच्या प्रवाळाचे मांस बुंध्याकडून सुटू लागले, तर ते कधी आठवड्यांत तर कधी एका रात्रीत संपते. अशा वेळी सुटलेल्या रेषेच्या एक सेंटिमीटर पुढे, निरोगी भागात कापून तुकडे वेगळे करावेत. तांबेयुक्त औषध या टाकीत कधीही घालू नये.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, आणि नवीन पाण्याची क्षारता, तापमान व अल्कलिनिटी टाकीइतकीच आहे याची खात्री करून घ्यावी.

लग्नसराईत किंवा सुट्यांत गावाला जाताना शेजाऱ्यांवर टाकी सोपवावी लागते. त्यांना खाद्य घालण्यास सांगू नये. मासे चार दिवस उपाशी राहतात, पण ओतलेला अर्धा डबा पाणी नासवतो. भरणीची टाकी काठोकाठ भरून, डोसिंगच्या बाटल्यांवर खुणा करून, थर्मामीटरशेजारी ‘२८ च्या वर गेल्यास फोन करा आणि फ्रीझरमधली एक बाटली टाकीत ठेवा’ अशी चिठ्ठी चिकटवावी. परत आल्यावर पहिल्या दिवशी आधी सगळी मोजमापे घ्यावीत, आणि अल्कलिनिटी कमी भरली, तरी ती दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वेगाने वर आणू नये.